डोंगर आधीच पेटवून द्यावा का? जांबोटी भागातील काजूबाग, घर आणि वणवा

प्रश्नकर्त्यांनी लिहिले आहे की, जांबोटी-कणकुंबी रस्त्यापासून थोडे आत, डोंगराच्या उतारावर त्यांची चार एकरांची काजूची बाग आणि जुने कौलारू घर आहे. घरात वयस्कर आईवडील राहतात आणि ते स्वतः नोकरीनिमित्त बेळगावात असतात. बागेच्या खालच्या अंगाला गवताचा माळ आहे, वरच्या अंगाला राखीव जंगल. फेब्रुवारी-मार्चमध्ये खालून वणवा चढतो आणि मागील हंगामात त्यात काजूच्या दोन ओळी होरपळल्या. गावातील जाणती माणसे सांगतात की, संक्रांतीच्या सुमारास माळ आपणच पेटवून द्यावा, म्हणजे पुढे जळायला काही उरत नाही. शेतीचे शिक्षण घेतलेला त्यांचा मित्र मात्र म्हणतो की, पेटवल्याने जमीन मरते. मोठी टाकी आणि पंप बसवला तर घरच्या घरी आग विझवता येईल का, असेही त्यांनी विचारले आहे.

मी खानापूर तालुक्यात वनखात्याच्या सेवेत आयुष्याचा मोठा काळ काढला आणि निवृत्तीनंतरही हिवाळ्यात गावकऱ्यांबरोबर जाळरेषांच्या, म्हणजे वणवा अडवणाऱ्या साफ पट्ट्यांच्या, कामाला जातो. त्या अनुभवावरून लिहितो. आपली जागा मी पाहिलेली नाही. त्यामुळे उताराचा कोन, माळाची मालकी, दुपारचा वारा नेमका कोणत्या घळीतून वर येतो आणि वेळ पडली तर हाकेला किती माणसे येतात, या चार गोष्टींनुसार माझ्या सांगण्यात फरक करावा लागेल, हे आधीच स्पष्ट करतो.

आपण विचारले आहे पेटवण्याविषयी आणि विझवण्याविषयी. माझ्या मते खरा प्रश्न या दोन्हींच्या अलीकडचा आहे. माळापासून बागेपर्यंत आणि बागेपासून घरापर्यंत वाळलेल्या गवतपाल्याची अखंड वाट तयार झालेली आहे आणि वणवा त्या वाटेने येतो. आगीला जळण, हवा आणि उष्णता या तीन गोष्टी लागतात. मार्चमधले ऊन आणि वारा आपल्या हातात नाहीत. जळण तेवढे आपल्या हातात आहे आणि तेही साधारण जानेवारीअखेरपर्यंतच. त्यानंतर आपण जे काही करू ते धावपळीत आणि धोका पत्करून करावे लागते.

इतक्या पावसाच्या प्रदेशात वणवे का लागतात, असे बाहेरची माणसे नेहमी विचारतात. उत्तर पावसातच आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत धो-धो पाऊस पडतो, त्यामुळे माळावर गवत कमरेपर्यंत वाढते, कारवी आणि रानमोडी माजते. नंतर डिसेंबरपासून वळवापर्यंत जवळजवळ थेंबही पडत नाही. गवत डिसेंबरपासून पिवळे पडू लागते आणि ऐन, किंजळ, नाणा यांची पानगळ जानेवारीपासून मार्चपर्यंत टप्प्याटप्प्याने चालू राहते. फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारी जंगलात जाऊन ऐनाचे खाली पडलेले पान मुठीत चुरगाळून पाहावे. सकाळी सातला तेच पान वाकते, दुपारी दोनला त्याचा भुगा होतो. आम्ही वर्षानुवर्षे हीच परीक्षा करीत आलो आहोत. पानाचा भुगा होत असेल तर त्या वेळी चुलीतील निखारासुद्धा उघड्यावर नेऊ नये.

आग लावणारा बहुतेक वेळा माणूसच असतो. आपल्याकडे कोरड्या महिन्यांत वीज पडून वणवा लागणे फार क्वचित घडते. चांगले गवत यावे म्हणून माळ पेटवणारे, काजूच्या बागेतील पालापाचोळा जाळणारे, मध काढायला पेटते पलिते नेणारे, शिकारीसाठी रान उठवणारे, बांध साफ करणारे, चोर्ला रस्त्यावर थांबून जेवण शिजवणारे, विडी टाकणारे, अशी ही यादी आहे. यांतील फार थोड्यांना जंगल जाळायचे असते. बहुतेकांना एक लहान तुकडा जाळायचा असतो आणि तो त्यांच्या हातातून सुटतो. म्हणूनच “आपणच आधी पेटवू” हा सल्ला तपासून घ्यावा लागतो, कारण पुष्कळसे वणवे याच वाक्याने सुरू झालेले मी पाहिले आहेत.

गावातील जाणत्यांचे म्हणणे चुकीचे नाही, ते अर्धे आहे. जळण आधीच काढून टाकले की आग तिथे थांबते, हे तत्त्व खरे आहे आणि वनखाते जाळरेषा आखते तेव्हा त्याच तत्त्वावर काम करते. फरक एवढाच की, जाळरेषा म्हणजे आखून घेतलेला पट्टा. त्याच्या दोन्ही कडा आधी साफ केलेल्या असतात, दव असताना तो जाळला जातो आणि दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात. अख्खा माळ पेटवणे हे वेगळे काम आहे आणि त्याविरुद्ध माझी कारणे अशी आहेत.

पहिले कारण मालकीचे. आपण ज्याला माळ म्हणता तो गायरान आहे, राखीव वनाचा भाग आहे की कोणाची मालकी, हे जमिनीच्या कागदपत्रांतील उताऱ्यावर पाहून घ्यावे. राखीव वनात आग लावणे हा कर्नाटक वन अधिनियम, १९६३ नुसार गुन्हा आहे. जागा २०११ मध्ये जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यात येत असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि त्यातही आग लावण्यास स्पष्ट बंदी आहे. स्वतःच्या मालकीत लावलेली आग दुसऱ्याच्या हद्दीत गेली तरी जबाबदारी आपल्यावरच येते.

दुसरे कारण असे की, जानेवारीत माळ जाळला तरी काम पूर्ण होत नाही. त्या वेळी अर्धे गवत अजून हिरवट असते. ते जळत नाही, नुसते होरपळते आणि पुढे आणखी कडक वाळते. कडेच्या झाडांची पानगळ चालूच असल्यामुळे जळालेल्या जागेवर मार्चपर्यंत पाल्याचा नवा थर पडतो. आपण निर्धास्त होतो आणि त्याच वर्षी त्याच जागेवरून दुसऱ्यांदा आग जाते, असे अनेक ठिकाणी घडलेले आहे.

तिसरे कारण चाऱ्याचे आहे आणि ते मी गुराख्यांना आवर्जून सांगतो. जाळल्यावर ओलाव्याच्या जागी हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरे आहे. पण वर्षानुवर्षे जाळलेल्या माळावर आग सोसणारे गवत टिकते आणि त्यात कुसळी पुढे असते. तिचे बी मातीत शिरून बसते आणि बुंधा जमिनीलगत सुरक्षित राहतो. कुसळे धरल्यावर गुरे तिला तोंड लावत नाहीत. ज्या माळावर गवत कापून नेले जाते तिथे चाऱ्याची गवते टिकून राहतात, हे शेजारशेजारचे दोन माळ पाहिले तरी ध्यानात येते.

मित्राचे म्हणणेही असेच अर्धे आहे. गवताची धावती आग मातीच्या अगदी वरच्या थरालाच तापवते आणि खालची मुळे बहुधा जिवंत राहतात, म्हणून “जमीन मरते” असे सरसकट म्हणता येत नाही. ओंडके किंवा पाल्याचे ढीग एका जागी जळतात तिथे मात्र माती भाजून विटकरी होते आणि तिथे काही वर्षे नीट काही उगवत नाही. मोठे नुकसान मातीवरचे पांघरूण जाण्याने होते. पालापाचोळ्यातील नत्राचा बराचसा भाग धुराबरोबर उडून जातो आणि उरलेली राख जूनच्या पहिल्या झोडपणाऱ्या पावसात ओहोळातून निघून जाते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, म्हादईचे पाणीही याच तालुक्यातील डोंगरांतून गोळा होते. उघड्या पडलेल्या उतारावरून पाणी धावत सुटते, मुरत नाही, आणि मग एप्रिलमध्ये घरामागचा झरा आटला म्हणून आपणच तक्रार करतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. आपल्या बागेला सर्वांत मोठा धोका खालच्या बाजूने आहे. चढावर आग वेगाने धावते, कारण ज्वाला वरच्या गवताकडे झुकलेली असते आणि ते पेटण्याआधीच तापून कोरडे होते. उतार साधारण दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा अंदाज धरतात. त्यात दुपारी दरीतून वर येणारा आणि कोकणाच्या बाजूने घाटमाथ्यावर चढणारा वारा मिळतो. म्हणून जाळरेषा सर्वप्रथम बागेच्या खालच्या हद्दीवर हवी आणि ती वरच्या बाजूच्या रेषेपेक्षा रुंद हवी. सपाटीवर कमरेएवढ्या गवतासाठी दहा-बारा फुटांचा साफ पट्टा पुष्कळदा पुरतो. चढाच्या तोंडावर मी वीस ते तीस फुटांपेक्षा कमी धरीत नाही. उभ्या घळीच्या तोंडाशी त्याहून जास्त धरावा, कारण घळ धुराड्यासारखी आग वर ओढते.

पट्टा साफ करणे म्हणजे नुसते गवत कापणे नव्हे. कापलेले गवत तिथेच पडून राहिले तर ते उभ्या गवतापेक्षा लवकर पेटते. डिसेंबरात कापावे, चारा म्हणून उचलून न्यावे आणि पट्ट्याच्या मधला निदान तीन-चार फुटांचा भाग फावड्याने मातीपर्यंत खरवडावा. गवत विकत घेणारे दूधवाले मिळाले तर खर्चही भागतो. खरवडलेल्या भागातून बोटभर मूळ किंवा पडलेली फांदी आडवी जात असेल तर तीही तोडावी, कारण आग मुळातून धुमसत पलीकडे निघते. फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा एकदा खराटा फिरवावा. वनखात्याकडे आता पाला उडवणारे ब्लोअर असतात आणि हद्दीवरच्या कामात गार्ड सोबत येत असतील तर तासांचे काम मिनिटांत होते.

पट्टा जाळूनच साफ करायचा असेल तर तो स्वतःच्या मालकीतच, वनखात्याला आधी कळवून आणि त्यांची संमती असेल तरच जाळावा. डिसेंबर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला, दव पूर्ण उडण्याआधी, वारा पडलेला असताना काम करावे. आधी दोन्ही कडा खरवडून घ्याव्यात आणि उताराच्या वरच्या कडेपासून सुरुवात करावी, म्हणजे आग खाली खाली संथ उतरत येते. खालून पेटवले तर ती आपल्याला मागे टाकून वर धावते. सोबत चार-पाच सशक्त माणसे, हिरव्या डहाळ्या आणि पाण्याने भरलेले फवारणीचे पंप नसतील तर त्या दिवशी काम रद्द करावे. आपण बेळगावात असता आणि घरी वयस्कर माणसे आहेत. या परिस्थितीत मी जाळण्याऐवजी कापण्याचाच सल्ला देईन.

वरच्या बाजूचे, म्हणजे जंगलाकडून येणारे संकट वेगळ्या जातीचे असते. उतरती आग संथ असते, बऱ्याचदा गुडघ्याएवढीही नसते, पण तिच्यातून जळते ओंडके आणि निखारे घरंगळत खाली येतात. चराऊ रानात वाळलेल्या शेणाचे पो पडलेले असतात. त्यांच्या पोटात निखारा तासन्‌तास लाल राहतो, वरून पाहिले तर नुसती राख दिसते. असा पो किंवा लाकडाचा तुकडा घरंगळत रेषा ओलांडून बागेच्या मध्यावर जाऊन थांबला की, आग आता आपल्या खाली असते आणि तिथून ती वर चढू लागते. म्हणून वरच्या हद्दीवर पट्ट्याबरोबर दीड-दोन फूट खोल चर खणावा आणि निघालेली माती चराच्या खालच्या कडेला बांधासारखी टाकावी. घरंगळणारी वस्तू चरात अडकते. पावसाळ्यात तोच चर पाणी मुरवतो, त्यामुळे ही मेहनत दोनदा कामी येते.

काजूच्या बागेविषयी थोडे अधिक लिहितो, कारण इथे काजूचा मोहर आणि वणव्याचा काळ एकच आहे. काजूची पाने जाड असतात, लवकर कुजत नाहीत आणि झाडाखाली त्यांची गादी साचते. फांद्या जमिनीला टेकलेल्या असतील तर पाल्यातील आग त्यांच्यावरून थेट शेंड्यात चढते. पावसाळा संपल्यावर जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंतच्या लोंबत्या फांद्या छाटाव्यात आणि छाटणीचा माल बागेबाहेर काढावा. मोहरावर नुसती धग गेली तरी तो करपतो, म्हणजे झाड वाचले तरी त्या वर्षीचे पीक जाते. पाला जाळून टाकण्याची पद्धत सोडावी. तो दोन ओळींमधल्या चरात लोटून वर माती टाकावी. खोडाभोवती दोन-तीन फुटांचे वर्तुळ पूर्ण मोकळे ठेवावे. आच्छादन ओलावा टिकवते हे खरे आहे, पण उन्हाळ्यात ते खोडाला चिकटलेले नसावे. हद्दीवर रानमोडी आणि घाणेरीचे कुंपण वाढू दिले असेल तर ते काढावे. दोन्ही झुडपे वाळल्यावर भडकून जळतात आणि ज्वाला फांद्यांच्या उंचीला नेतात.

घराच्या बाबतीत माणसे ज्वालेला घाबरतात, पण कौलारू घर बहुधा उडत आलेल्या ठिणगीने पेटते. मंगळुरी कौलांच्या पन्हळीत आणि कौलाखालच्या रिपांवर वर्षभराचा पाला साचलेला असतो. एक ठिणगी कौलांच्या फटीतून आत गेली की आग आढ्याला लागते आणि बाहेरून ती दिसतही नाही. होळीच्या आधी छपरावर माणूस चढवून पाला झाडून घ्यावा. भिंतीला टेकून रचलेली सरपणाची रास दूर न्यावी. गोठ्याच्या माळ्यावरचे पिंजर आणि अंगणातील गवतगंजी घरापासून निदान पन्नास-साठ फूट दूर असावी आणि विजेच्या तारेखाली तर मुळीच नसावी. लोंबकळणाऱ्या तारा एकमेकींना घासून पडलेल्या ठिणग्यांनी गवतगंज्या आणि उसाचे फड जळाल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. अशी तार दिसली तर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, लेखी कळवावे आणि अर्जाची पोच ठेवावी. घराभोवती तीस फुटांचे अंगण सारवलेले किंवा निदान झाडलेले असावे. आपल्या आजीपणजींच्या काळी ते असायचेच आणि त्याचा एक उपयोग हाही होता.

पाण्याच्या टाकीबद्दल माझे मत असे आहे की ती जरूर घ्यावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये. वणवा लागला की अनेकदा वीजपुरवठा बंद होतो किंवा केला जातो आणि मोटर चालत नाही. टाकी घरापेक्षा उंचावर बसवावी, म्हणजे पाणी उताराने येईल. त्या पाण्याने माळावरची आग विझवता येणार नाही. छप्पर, गोठा आणि रेषेची आतली कड भिजवणे आणि नंतर धुमसणाऱ्या जागा विझवणे यासाठी ते उपयोगी पडते. पाठीवरचा फवारणीचा पंप सर्वांत कामाचा, मात्र त्यात आधी औषध भरले असेल तर तो स्वच्छ धुऊन ठेवावा. मार्च २०२३ मध्ये आपल्याला लागूनच असलेल्या गोव्याच्या म्हादई अभयारण्यात वणवे लागले, तेव्हा नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकले. तरीही जमिनीवर डहाळ्या आणि फावडी घेऊन माणसांना चालत जावे लागलेच, कारण वरून पडलेल्या पाण्याने ज्वाला बसते, ओंडक्यातील धग बसत नाही.

आता आग दिसल्यावर काय करावे ते सांगतो. पहिले काम फोनचे. ११२ वर, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर आणि आपल्या भागाच्या आरएफओंना (वनक्षेत्रपालांना) व गार्डांना कळवावे. हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत, कारण धुराच्या गडबडीत वडिलांना मोबाइलमध्ये नाव शोधता येणार नाही. कणकुंबी, आमगाव, तळेवाडी या बाजूंना अनेक ठिकाणी रेंज मिळत नाही. आपल्या अंगणातील कोणत्या कोपऱ्यात ती मिळते हे आधीच ठरवून ठेवावे. सांगताना गावाचे नाव, सर्व्हे नंबर, जवळचे देऊळ किंवा पूल आणि आग चढते आहे की उतरते आहे, एवढे सांगावे. आग महाराष्ट्रातील चंदगडच्या किंवा गोव्यातील सत्तरीच्या बाजूने येत असेल तर तिकडच्या ओळखीच्या माणसालाही कळवावे, कारण हद्दीपलीकडचे खाते वेगळे आहे आणि निरोप एकमेकांना पोहोचेपर्यंत आग थांबत नाही. उपग्रहावरून आग टिपून मोबाइलवर सूचना पाठवण्याची भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची सोय आहे आणि तिच्यासाठी सामान्य नागरिकालाही नाव नोंदवता येते. आपण बेळगावात असता म्हणून ती जरूर घ्यावी. पण हे उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात. दुपारी तीनला लागलेली आग त्यांना कदाचित मध्यरात्रीनंतर दिसेल. शेजाऱ्याचा फोन त्याहून लवकर येईल.

विझवायला जावे की नाही, याचा माझा निकष साधा आहे. ज्वाला सुमारे चार फुटांच्या वर असेल तर डहाळी घेऊन तिच्यासमोर जाऊ नये. त्याहून कमी असेल, चौघे असतील आणि परतीची वाट मोकळी असेल तर जावे. त्यातही आगीच्या तोंडासमोर किंवा तिच्या वरच्या उतारावर उभे राहू नये. जळून गेलेल्या बाजूने शिरावे, कडेकडेने पुढे सरकावे आणि डहाळी उचलून आपटण्याऐवजी जळक्या बाजूकडे दाबत ओढावी. आपटल्याने ठिणग्या पुढच्या गवतात उडतात. एक माणूस काही न करता उंच जागेवरून वारा आणि आग पाहत उभा असावा आणि त्याने हाक दिली की सर्वांनी हातातले काम सोडावे. अंगात सुती कपडे, पायात बूट, नाकातोंडावर सुती फडके असावे. नायलॉन किंवा टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते. समोरून उलटी आग लावून वणवा अडवणे हे काम अनुभवी माणसांनी, वनखात्याच्या देखरेखीखाली करायचे आहे. घरच्या माणसांनी ते कदापि करू नये.

आईवडिलांसाठी मात्र नियम वेगळा ठेवावा. त्यांनी विझवायला जाऊच नये. धूर माळाच्या अर्ध्यावर आला की गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, गुरांची दावी सोडावीत किंवा कापावीत, गुरांना नांगरलेल्या भातखाचराकडे हाकलावे आणि स्वतःही तिकडेच जावे. कापणीनंतर नांगरून ठेवलेले खाचर हा अशा वेळी सर्वांत सुरक्षित आसरा असतो, म्हणून घराजवळचे एक तरी खाचर डिसेंबरातच नांगरून ठेवावे.

वाटेत आगीने गाठले तर वरच्या गवताकडे पळू नये. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात गवताळ उतारावर गिर्यारोहकांच्या गटाला वणव्याने गाठले आणि त्यात वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. माणूस चढावर दमतो आणि आग चढावरच वेग घेते. आडवे सरकून उघडा जांभा कातळ, नदीचे पात्र, रस्ता किंवा आधीच जळालेली जागा गाठावी. अरुंद घळीत उतरू नये. काहीच सापडले नाही तर उघड्या मातीवर पालथे पडावे, पाय आगीकडे करावेत, तोंड मातीजवळ न्यावे आणि अंगावर लोकरीची घोंगडी ओढावी. लोकर सहज पेट घेत नाही, म्हणून मार्चमध्ये रानात जाणाऱ्याच्या खांद्यावर ती असावी असे मी अजूनही म्हणतो. कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. त्यानंतर स्वच्छ कापड सैल गुंडाळून १०८ ला बोलवावे.

आग विझली असे वाटल्यावर निम्मे लोक घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की तीच आग पुन्हा उठते. रेषेच्या आतल्या पहिल्या शंभर फुटांत प्रत्येक बुंधा, ओंडका आणि शेणाचा पो तपासावा. हात लावू नये. हाताची मागची बाजू राखेपासून वीतभर अंतरावर धरावी, धग कातडीला लगेच कळते. जिथे धग लागेल तिथे फावड्याने उकरून पाणी घालावे, पुन्हा उकरावे आणि पुन्हा घालावे. नुसती माती टाकून झाकले तर आत मूळ जळत राहते. पुढचे तीन दिवस दुपारी एक फेरी मारावी.

होरपळलेल्या दोन ओळींबाबत आपण विचारलेले नाही, पण ती झाडे तोडण्याची घाई करू नये असे मला सुचवायचे आहे. खोडाच्या सालीवर नखाने ओरखडा काढून पाहावा. आत हिरवी ओल दिसली तर झाड जिवंत आहे आणि पावसाचा महिना-दीड महिना जाईपर्यंत थांबावे. वेंगुर्ला जातींची कलमे असतील तर फुटवा कुठून येतो ते नीट पाहावे. कलमाच्या सांध्याच्या वर फुटला तर तो ठेवावा, वाळलेला भाग छाटून टाकावा आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी. सांध्याच्या खालून फुटला तर तो खुंटाचा म्हणजे गावठी फुटवा आहे. त्यावर जुनी जात मिळणार नाही, तिथे नवे कलम बांधावे किंवा पावसाळ्यात नवे रोप लावावे. तोपर्यंत जळक्या फांद्या छाटून त्या समपातळीत, उताराला आडव्या अशा ओळींमध्ये रचून ठेवाव्यात, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसात त्या दोन ओळींची राख आणि माती बागेतच अडेल. नोव्हेंबर लागताच मात्र त्या तिथून उचलाव्यात.